मीटर उघडण्याआधी: जुन्या गाडीचा स्पीडोमीटर बंद पडला तर

गोव्यात जुनी मारुती ८०० किंवा ओम्नी बघायला गेलं, की विकणारा शेवटी शेवटी एक वाक्य हळूच सरकवतो: "मीटर तेवढं चालत नाही, बाकी गाडी टकाटक." घेणाराही मान हलवतो. मीटरचं काय एवढं, कधीही करून घेऊ. मग वर्षभर काटा शून्यावर आणि आकडे होते तिथेच. ऑइल कधी बदललं ते आठवणीवर, टायमिंग बेल्ट देवाच्या भरवशावर, आणि हायवेवर आपला वेग किती ते शेजारून जाणाऱ्या कदंबा बसवरून.

ज्यांनी आजवर गाडीला स्वतः पाना लावलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मीटर बंद म्हणजे मीटरच बिघडलं, असं बहुतेक वेळा नसतं. दुखणं खाली असतं, गिअरबॉक्स आणि मीटर यांना जोडणाऱ्या केबलमध्ये. तरी नवशिका पहिल्यांदा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन डॅशबोर्डच खोलतो, आणि केबलच्या किरकोळ कामापायी काटा मोडून बसतो. या सगळ्या साखळीत नाजूक असं जे काही आहे ते मीटरच्या आत आहे. म्हणून ते सगळ्यात शेवटी उघडायचं, आणि शक्यतो उघडायचंच नाही.

तुमची गाडी केबलची की सेन्सरची?

मीटरच्या मागे हात घालून चाचपा, किंवा डॅशबोर्डखाली टॉर्च मारून बघा. पेन्सिलीएवढी जाड, काळ्या आवरणाची एक केबल फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून) येऊन मीटरच्या पाठीला गोल नटाने किंवा प्लास्टिकच्या क्लिपने बसलेली दिसली, तर गाडी केबलवाली. नुसत्याच वायरी आणि कनेक्टर दिसले तर सेन्सरवाली. ॲम्बॅसेडर, पद्मिनी, जुनी ८००, जुनी ओम्नी, जिप्सी या सगळ्या केबलच्या. ८०० ही १९८३ ते २०१४ एवढा काळ बनत राहिली आणि मधे बरंच काही बदललं, त्यामुळे मॉडेलच्या नावावर जाऊ नका, डोळ्यांनी बघा.

केबलचं खालचं टोक कुठे शोधायचं तेही गाडीवर ठरतं. ८०० आणि झेनसारख्या पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाड्यांत ते बॉनेटखाली, इंजिनाला चिकटलेल्या गिअरबॉक्सवर असतं. ॲम्बॅसेडर, पद्मिनी, ओम्नी यांच्यात गाडीखाली, गिअरबॉक्सच्या मागच्या भागात. जिप्सीत आणि जुन्या जीपमध्ये ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या डब्यावर.

आत काय चालतं

गिअरबॉक्समधून चाकांकडे जाणाऱ्या बाजूला एक दातेरी चक्र असतं. त्याला लागून प्लास्टिकचं छोटं पिनियन फिरतं, आणि पिनियनच्या टोकातल्या चौकोनी खाचेत केबलची आतली तार बसते. बाहेरचं आवरण जागचं हलत नाही, आत ही तार गाडी चालते तशी फिरत राहते. तिचं वरचं चौकोनी टोक मीटरमध्ये शिरतं.

मीटरमध्ये ती तार एक लोहचुंबक फिरवते. चुंबकावर ॲल्युमिनियमची एक छोटी वाटी पालथी बसवलेली असते, पण ती चुंबकाला कुठेही टेकत नाही. चुंबक फिरला की वाटीच्या धातूत विजेचे प्रवाह उमटतात आणि ते वाटीला चुंबकाच्या दिशेने ओढू बघतात. एक बारीक हेअरस्प्रिंग तिला मागे खेचते. जेवढा वेग जास्त तेवढी वाटी जास्त वळते, आणि काटा त्या वाटीच्याच दांडीवर बसवलेला असतो. जर्मनीत ओटो शुल्झ याने १९०२ साली याचं पेटंट घेतलं, आणि पुढची ऐंशी-नव्वद वर्षं जगभरच्या गाड्या याच युक्तीवर चालल्या.

किलोमीटरच्या आकड्यांचं काम वेगळं. चुंबकाच्या त्याच दांड्यावर वर्म, म्हणजे स्क्रूसारखे आटे, कोरलेला असतो, तो छोटी छोटी चक्रं फिरवतो आणि ती आकड्यांचे ड्रम फिरवतात. इथे चुंबकाचा काही संबंध नाही, दाताला दात लागून काम होतं. म्हणजे काटा चुंबकाच्या ओढीवर चालतो आणि आकडे दातांवर. पण दोघांना फिरवणारी तार एकच. एवढं डोक्यात बसलं, की अर्धं निदान खुर्चीत बसून होतं.

काटा आणि आकडे काय सांगतात

दोन्ही एकदम मेले असतील तर मीटरला हात लावू नका. दोघांना चालवणारी तारच फिरत नाहीये. एकतर ती तुटली, किंवा मीटरच्या पाठीमागून निसटली, किंवा खाली पिनियनचे दात गेले. निसटलेली केबल हा प्रकार तर फारच सापडतो. कुणीतरी स्टिरिओ बसवताना किंवा वायरिंग करताना मागे हात घातलेला असतो आणि क्लिप पुरती बसलेली नसते.

काटा नीट चालतोय पण आकडे थांबलेत, तर केबल आणि पिनियन ठणठणीत. मीटरच्या आतलं एखादं प्लास्टिकचं चक्र फुटलंय किंवा ड्रम अडकलेत. उलट आकडे पुढे सरकताहेत पण काटा पडून आहे, तर काटा दांडीवर सैल झालाय, कुठेतरी घासतोय, नाहीतर हेअरस्प्रिंग गुंतलीय. या दोन्ही वेळा मात्र मीटर उघडावं लागतं.

काटा थरथरतो, तीसवर असताना वीस ते चाळीस असा डोलतो आणि वेग वाढला की थोडा शांत होतो: केबल कोरडी पडलीय किंवा कुठेतरी अरुंद वळण घेतेय. तार आत अडखळते, पीळ साठतो, मग एकदम सुटतो. काटा तेच दाखवत असतो, त्याचा काही दोष नाही.

काटा खऱ्यापेक्षा फार वर जातो, कधी थेट शेवटाला जाऊन चिकटतो: बहुतेक वेळा कुणीतरी केबलमध्ये ग्रीस कोंबलेलं असतं. फिरणारी तार ते ग्रीस वर चढवते, ते चुंबक आणि वाटी यांच्यामध्ये शिरतं, आणि मग चुंबक वाटीला अक्षरशः धरून ओढतो. गॅरेजातल्या पोरांना "ग्रीस मार" म्हटलं की हात आखडता घेणं माहीत नसतं.

डॅशबोर्डमधून चिमणीसारखा चिवचिवाट येतो, गाडी थोडी गरम झाली की थांबतो: कोरडी केबल, नाहीतर मीटरच्या दांड्याचा बुश (दांडा ज्यात फिरतो ती कडी) कोरडा. हा आवाज कानाआड करू नका. बुश अडकला तर दांडा फिरायचा थांबतो आणि तार तुटते.

ढकलून बघायची चाचणी

ही माझी सगळ्यात आवडती चाचणी. गाडी जॅकवर चढवावी लागत नाही, इंजिन चालू करावं लागत नाही.

मीटरच्या पाठीमागून केबल सोडवा. नट असेल तर हाताने उलटा फिरवा. पक्कड लावाल तर जुनं प्लास्टिक फुटेल. क्लिप असेल तर दाबून मागे ओढा. काही गाड्यांत हात पोचत नाही, तिथे मीटरच्या कडेचे स्क्रू काढून पूर्ण मीटर थोडं पुढे ओढावं लागतं. तसं करायचं असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि मागचे कनेक्टर कुठे कुठे आहेत त्याचा मोबाइलवर फोटो घ्या.

आता केबलचं टोक हातात येईल, मध्ये तारेचं चौकोनी डोकं दिसेल. सपाट जागी गाडी न्यूट्रलला घ्या, किल्ली फिरवून स्टिअरिंगचं लॉक सोडा, हँडब्रेक सोडा, आणि घरातल्या कुणाला तरी गाडी सावकाश पुढे ढकलायला सांगा. ब्रेकजवळ एक माणूस हवाच, अंगण उतरतं असेल तर ही चाचणी तिथे नको. जपानी घडणीच्या गाड्यांत ही तार साधारणपणे एका किलोमीटरला ६३७ फेरे घेते. म्हणजे पाच मीटर ढकललं की तीन फेरे दिसायला हवेत. डोक्यावर मार्करने एक ठिपका काढून ठेवा, फेरे मोजता येतात. फिरण्याची दिशाही आत्ताच लिहून ठेवा, पुढे लागेल.

फेरे नीट मिळाले तर चिमटीत टोक हलकंसं धरून पुन्हा ढकलायला सांगा. चिमटीला न जुमानता ते फिरलं पाहिजे. थांबलं, तर खाली दात झिजलेत किंवा तारेचं खालचं डोकं गोल झालंय. न थांबता फिरलं, तर केबल चांगली आहे, आणि आता मीटरकडे बोट दाखवायला हरकत नाही.

टोक मुळीच फिरलं नाही तर तार वरून हळूच ओढा. काही केबलमध्ये ती वरून निघते, काहींत खालून. निम्मीच हातात आली तर प्रश्न मिटला. पूर्ण निघाली आणि दोन्ही डोकी चौकोनी आहेत, तर पिनियन बघायचं.

अख्खी निघालेली तारही आंधळेपणाने परत घालू नका. पेट्रोलने किंवा रॉकेलने पुसून स्वच्छ करा, टेबलावर उलट्या 'यू'सारखी वाकवून दोन्ही टोकं दोन हातांच्या चिमटीत धरा आणि एक टोक सावकाश फिरवा. चांगली तार दुसऱ्या हातातही तेवढ्याच सावकाशीने फिरते. कुठे मुरगळलेली असेल तर थोडा वेळ काहीच होत नाही आणि मग तार टेबलावर फटकन उडी मारून पलटी खाते. मुरगळ डोळ्यांना दिसत नाही, या उडीतच कळते. अशी तार सरळ करायचा खटाटोप करू नका, काट्याची थरथर तिच्यापायीच असते.

नवी केबल टाकणं

जुनी केबल बरोबर घेऊन दुकानात जा. लांबी, दोन्हीकडचे नट आणि चौकोनी डोकी शेजारी ठेवून ताडून बघा. "८०० ची द्या" एवढ्यावर समाधान मानू नका, वर्षागणिक फरक असतो. ॲम्बॅसेडर-पद्मिनीची केबल म्हापसा-मडगावात मिळाली नाही तर बेळगाव किंवा कोल्हापूरला चौकशी करा. तिथे जुन्या गाड्यांचे भाग ठेवणारी माणसं अजून आहेत.

गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकवर कधीही नाही. जॅक स्टँड लावा, खाली फळी टाका, कारण आपल्या अंगणातली माती पावसाळ्यानंतर महिनोन्‌महिने मऊ असते. आणि चिऱ्याचे दगड टेकू म्हणून लावायची आपल्याकडे फार सवय आहे. चिरा भिंतीत चांगला. एका कोपऱ्यावर भार आला की तो ठिसूळपणे फुटतो, आधी कसलीच सूचना न देता.

जुनी केबल काढण्याआधी ती कुठून कशी गेलीय त्याचे फोटो घ्या. तीच वाट चांगली असेल तर नवी तशीच न्या. एक्झॉस्टपासून लांब, क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबलमध्ये गुंतणार नाही अशी, आणि कुठेही वीतभरापेक्षा लहान गोलाईचं वळण नको. झिप-टायने आवळून बांधू नका, आवरण चेपलं की आतली तार घासते.

नव्या केबलला वंगण कमी लावायचं. तार बाहेर काढा, दोन बोटांवर थोडंसं हलकं ग्रीस घ्या आणि खालच्या बाजूने तारेवरून बोटं फिरवा. तार चमकली की पुरे. वरचा वीतभर भाग कोरडा ठेवा, म्हणजे ग्रीस मीटरपर्यंत चढत नाही. गंज सोडवायचा स्प्रे केबलमध्ये मारू नका. तो असलेलं ग्रीस धुऊन नेतो आणि स्वतः उडून जातो.

बसवताना आधी खालचं टोक. तार बोटाने थोडी फिरवत राहा, चौकोन खाचेत बसला की हाताला कळतं. तो बसायच्या आधी नट आवळला तर पहिल्याच फेरीत डोकं गोल होतं. मग वरचं टोक तसंच. शेवटी फायरवॉलमधलं रबर जागेवर बसलंय ना, ते बघा. ते नसेल तर जुलैत केबलच्या अंगावरून पाणी ओघळून थेट पायाखालच्या मॅटवर येतं आणि महिनाभर गाडीला कुबट वास मारत राहतो.

पिनियन

केबल खालून सोडवल्यावर पिनियनचा छोटा हाउसिंग सहसा एका बोल्टवर असतो. काढण्याआधी भोवतालची लाल माती ब्रशने झाडा. डिचोली-साखळीकडच्या, खाणीच्या रस्त्यांवर चाललेल्या गाडीला हे सांगायलाच नको. तो चिखल गिअरबॉक्समध्ये पडला तर मीटरपेक्षा मोठा खर्च उभा राहील. थोडं गिअर ऑइल गळेल, खाली भांडं ठेवा.

पिनियनचे दात मोजा आणि तेवढ्याच दातांचं घ्या. एक दात इकडेतिकडे झाला की काटाही चुकणार आणि किलोमीटरही. तिथलं ऑइल सील आणि ओ-रिंग याच वेळी बदला. जुनी केबल काढताना वरच्या टोकाला पातळ, काळसर तेल दिसलं असेल, तर सील गेलेलंच आहे. गिअर ऑइल केबलमधून चढून मीटरमध्ये पोचतं आणि काचेच्या आतून तेलकट ओघळ दिसू लागतात.

मीटर तपासायचं, उघडायचं नाही

मीटर दोषी आहे याची खात्री ड्रिलने करता येते. मीटर बाहेर काढा, जुन्या तुटलेल्या तारेचा चौकोनी डोक्याचा तुकडा ड्रिलच्या चकमध्ये धरा, आणि मघाशी लिहून ठेवलेल्या दिशेने सावकाश फिरवा. ६३७ फेऱ्यांच्या मीटरला ड्रिल मिनिटाला ६३७ फेरे फिरलं की काटा ६० वर यायला हवा, कारण ताशी ६० म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर. कमी वेगावर ६०० फेरे देणारं ड्रिल असेल तर ५६-५७ दिसायला हवेत. जर्मन घडणीच्या मीटरच्या तबकडीवर बारीक अक्षरांत 'डब्ल्यू' आणि एक आकडा असतो; तो १००० किंवा १.० असेल तर एका किलोमीटरला हजार फेरे. ड्रिलचा घोडा पूर्ण दाबू नका. आणि लक्षात ठेवा, तुम्ही टेबलावर फिरवताय ते किलोमीटरही आकड्यांत जमा होतात.

मीटरच्या पाठीमागे जिथे केबल शिरते तिथल्या दांड्याच्या बुशाला शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब, तोही सुईच्या टोकावरून. चिवचिवाट पुष्कळदा इथेच थांबतो.

उघडावंच लागलं तर

स्वच्छ पांढरा कपडा अंथरा, चांगला उजेड घ्या, मोबाइल स्टँडवर लावून सगळं चित्रित करा. वाटी आणि हेअरस्प्रिंग यांना हात लावायचा नाही. फुंकरही जपून. त्या स्प्रिंगला वाकडं बोट लागलं तर घरी ती पूर्ववत होत नाही.

आकडे थांबले असतील तर काटा न काढताही बाजूने ड्रमपर्यंत पोचता येतं का ते आधी बघा. बऱ्याच मीटरमध्ये येतं. काटा काढणं अटळच असेल तर एक काम विसरू नका. शून्यावर काटा एका छोट्या खुंटीला टेकलेला असतो. तो अलगद खुंटीवरून उचलून खाली सोडला की शून्याच्याही थोडा मागे जाऊन थांबतो. ती जागा तबकडीवर चिकटपट्टीने खुणावून ठेवा. परत बसवताना काटा तिथे बसवायचा आणि मग उचलून खुंटीवर ठेवायचा. स्प्रिंगला जो थोडा ताण लागतो तो यातून येतो. खुणेशिवाय बसवलेला काटा पुढे कायम कमी किंवा जास्त दाखवत राहतो, आणि दोष का ते कुणाला सापडत नाही.

फुटलेलं चक्र शोधायला ड्रमच्या बाजूची चक्रं बोटाने सावकाश फिरवून बघा. कुठलं चक्र फिरतं आणि पुढचं कुठे थांबतं, तिथे दोष. बहुधा एखाद-दुसरा दात उडालेला असतो किंवा चक्राला मधोमध चीर गेलेली असते. जुन्या मर्सिडीजमधल्या मीटरमध्ये वेगळंच होतं; चक्र शाबूत असतं पण दांड्यावर सैल होऊन जागच्या जागी घसरतं.

फेव्हिक्विकने दात चिकटवायचा मोह आवरा. तो टिकत नाही, त्याची वाफ काचेवर पांढुरकी बसते, आणि थेंब दांड्यात गेला तर पूर्ण मीटर गेलं. भंगारातल्या त्याच कंपनीच्या मीटरमधून चक्र काढून बसवणं हा त्यापेक्षा शंभर पटीने चांगला उपाय. आकड्यांचे ड्रम स्पिरिटने किंवा थिनरने पुसू नका, आकडेच निघून येतात. कोरडा मऊ ब्रश पुरे.

एक सवय मोडायला हवी: गाडी चालू असताना ट्रिपमीटर शून्यावर आणायचं बटण दाबू नका. फिरती चक्रं त्याच क्षणी एकमेकांपासून सोडवली जातात आणि जुनं प्लास्टिक तिथेच दात टाकतं. गाडी उभी करा, मग दाबा.

सेन्सरवाल्या गाड्या

इथे केबल नाही, पण क्रम तोच: खालून वर. गिअरबॉक्सवरचा स्पीड सेन्सर विजेचे ठोके पाठवतो आणि मीटर ते मोजतं. आधी फ्यूज. मग सेन्सरचा कनेक्टर काढून आत बघा. समुद्राजवळच्या गाड्यांत, कळंगुट असो वा कोलवा, पितळेच्या पिनांवर हिरवट थर चढलेला असतो. कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा, पिना चमकल्या की थोडं व्हॅसलीन लावून घट्ट बसवा. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली राहायला येतात, तेव्हा वायर कुरतडलेली नाही ना, हेही बघा.

तीन वायरींचा सेन्सर असेल तर किल्ली चालू करून मल्टिमीटरने पुरवठ्याची वायर आणि अर्थिंगची वायर यांच्यात व्होल्टेज बघा. बहुतेक गाड्यांत बॅटरीएवढं, काहींत ५ व्होल्ट. मग सिग्नलच्या वायरवर मल्टिमीटर धरून गाडी सावकाश ढकला. आकडा खाली-वर उडाला तर सेन्सर जिवंत, आणि दोष वायरिंगमध्ये किंवा मीटरमध्ये. जागचा हलला नाही तर सेन्सर किंवा त्याला फिरवणारं चक्र. दोषाचे कोड वाचणारा स्कॅनर लागणारी गाडी असेल तर पी०५०० हा कोड वेगाचा सिग्नल मिळत नसल्याचं सांगतो, पण सेन्सरच मेलाय असं तो म्हणत नाही. कोड दिसला की डोळे मिटून सेन्सर विकत घेणारे बरेच जण बघितलेत.

डॅशबोर्डवर थाप मारली की काटा जागा होतो, अशी गाडी असेल तर मीटरच्या बोर्डवरचा सोल्डर सुटलाय. हे काम टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे न्या, गॅरेजात नको.

बरोबर दाखवतंय का?

दुरुस्तीनंतर मोबाइलच्या जीपीएसशी ताडून बघा. पत्रादेवी ते धारगळ या राष्ट्रीय महामार्ग ६६ च्या पट्ट्यात एकसारखा वेग धरता येतो. ताशी ५० वर गाडी स्थिर ठेवा आणि मोबाइल बघायचं काम शेजारच्याला द्या. काटा दोन-चार किलोमीटर जास्त दाखवत असेल तर ते दुखणं नाही, बनवणारे मुद्दाम तसं करतात. युरोपातल्या नियमानुसार स्पीडोमीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवायचा नाही. जास्त दाखवला तर खऱ्या वेगाचा दहावा हिस्सा अधिक ताशी ४ किलोमीटर इथपर्यंत चालतं. कमी दाखवत असेल तर मात्र शोध घ्या.

आणि शोध टायरपासून सुरू करा. ८०० चे मूळ टायर १४५/७० आर १२. त्यांचा घेर साधारण १ मीटर ५९ सेंटिमीटर. अलॉय घालून १५५/६५ आर १३ चढवले की घेर १ मीटर ६७ होतो. चाक एका फेऱ्यात पावणेपाच टक्के जास्त अंतर कापतं आणि मीटरला त्याचा पत्ता नसतो. खरा वेग ६० असताना तो ५७ दाखवेल, आणि किलोमीटरही तेवढेच कमी मोजेल. वर गाडी "किती ॲव्हरेज देते" याचा हिशेबही उलटा चुकतो. शोरूमच्या टायरवर परत या, नाहीतर फरक कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवा.

नोंद ठेवा

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ११७ स्पीडोमीटरचाच आहे, त्यामुळे चालतं मीटर ही हौस नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करताना गाडी आरटीओला दाखवावी लागते. मीटरचं काम पासिंगच्या आदल्या दिवसावर ठेवू नका, चतुर्थीच्या आधी तर मुळीच नाही. त्या पंधरवड्यात गॅरेजात माणूस मिळत नाही.

आकड्यांच्या ड्रमना हात लागला किंवा भंगारातलं मीटर बसवलं, तर आधी जुन्या मीटरच्या आकड्याचा तारखेसह फोटो घ्या. सर्व्हिस बुकमध्ये एक ओळ लिहा: अमुक तारखेला मीटर बदललं, जुन्यावर इतके, नव्यावर सुरुवातीला इतके. पावती त्याच पानाला टाचून ठेवा. किलोमीटर कमी करून गाडी विकणं ही सरळ फसवणूक आहे, आणि मीटरवाल्याने "थोडे मागे करून देऊ काय?" असं विचारलं तर तिथून मीटर उचलून दुसरीकडे जा. मीटर किती दिवस बंद होतं तेही जमेल तेवढं लिहा. त्या काळातले किलोमीटर कुठेच मोजले गेलेले नाहीत, म्हणून बेल्ट, ऑइल आणि ब्रेक यांचा हिशेब मीटर सुरू झाल्याच्या दिवसापासून नव्याने धरा, आणि बेल्ट कधी बदलला ते माहीत नसेल तर तो आत्ताच बदलून टाका.